पणजोबा तांबट होते की कारखान्यात नोकरीला?

कसब्यातला_नातू: नमस्कार मंडळी, घराण्याची वंशावळ करायला घेतलीय. नावं बरीच मिळाली पण कोण काय काम करायचं तिथे गाडी अडलीय. मनपातून पणजोबांच्या मृत्यूनोंदीचा उतारा काढला, १९३८ चा, त्यात धंदा 'तांबट' लिहिलंय. आणि आमची आत्या ठामपणे सांगते की ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, रोज पहाटे डबा घेऊन चालत जायचे. घरातले जुने कागद ६१ च्या पुरात गेले त्यामुळे तिकडून काही आशा नाही. खरं कोणाचं धरायचं?

मोडीवाला: दोन्ही खरं असू शकतं की! त्या काळच्या नोंदीत धंद्याच्या रकान्यात बऱ्याचदा जातच लिहून टाकायचे. वर्दी द्यायला गेलेल्या माणसाने 'तांबट' म्हटलं की कारकुनाने तेच उतरवलं, मयत माणूस प्रत्यक्षात हातोडा धरत होता की हजेरी लावत होता हे कोण विचारतंय. त्यामुळे एका रकान्यावर विसंबू नका. खरेदीखत नाहीतर गहाणखत शोधा, त्यात 'लिहून देणार अमुक, वय इतके, धंदा तमुक, राहणार कसबा पेठ' असं सुरुवातीलाच असतं आणि ते माणसाने स्वतः सांगितलेलं असतं. घरची प्रत पुरात गेली असली तरी दस्त नोंदवलेला असेल तर दुय्यम निबंधकाकडे नक्कल मिळू शकते. प्रॉपर्टी कार्डावर धंदा नसतो पण मालकी कधी बदलली ते कळतं, मग दस्त कुठल्या सालचा शोधायचा त्याचा अंदाज येतो. जुन्या कागदावर शके असेल तर ७८ मिळवा, म्हणजे साधारण इसवी सन निघतं.

तांबटआळीची_लेक: दादा, माझं माहेर तांबट आळीतलं. आमच्याकडे मठारकाम होतं, म्हणजे भांडी हातोडीने ठोकून घडवणं, बंब, घंगाळी, हंडे. दिवसभर ठोकाठोक, बाहेरचा माणूस दहा मिनिटांत वैतागायचा. पण घरटी सगळेच त्यात नसायचे, एक भाऊ दुकानात आणि दुसरा बाहेर नोकरीला हे अगदी कॉमन होतं. खडकीचा कारखाना १८६९ चा, आणि काडतुसाची पुंगळी पितळेची, मग धातू ओळखणारा माणूस तिथे गेला तर नवल काय? आत्या म्हणतायत ते मला तरी पटतं.

निवृत्त_बाबूराव: पटणं वेगळं आणि कागद वेगळा ताई! आत्याबाईंना खोदून विचारा, पगार आठवड्याला यायचा का महिन्याला, सुट्टी कुठल्या वारी, गेल्यानंतर पणजीबाईंना काही पैसे मिळाले का. असं काही निघालं तर नोकरी पक्की धरायला हरकत नाही, नुसतं 'खडकीला जायचे' यावरून ते तिथे कंत्राटदाराकडेही असू शकतात. आणि आजोबांच्या शाळेत जा, जनरल रजिस्टरमध्ये काही ठिकाणी पालकाचा धंदा लिहिलेला सापडतो, मुख्याध्यापक चांगले असले तर बघू देतात.

कसब्यातला_नातू: बाबूराव काका, आत्याला आत्ताच फोन केला, ती म्हणते पणजीला काही मिळालं नाही, उलट पणजोबा शेवटची काही वर्षं घरीच भांड्यांना कल्हई करायचे. म्हणजे तिसराच धंदा निघाला 😅 भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पेशवे दफ्तरात काही मिळेल का?

मोडीवाला: १९३८ च्या माणसासाठी तिकडे जाऊ नका, वेळ जाईल. पेशवे दफ्तर बहुतेक सरकारी हिशेबांचं, तुमचे खापरपणजोबांच्याही मागचे कोणी सरकारी कामाला भांडी पुरवत असतील तरच नाव निघायचं, आणि ते मोडी लिपीत. आधी दस्त काढा. कल्हईचं मात्र लिहून ठेवा हां, आत्याच्या तोंडचं, तारखेसकट. आणि वंशावळीत एकाच माणसापुढे तीन धंदे लिहायला काय हरकत आहे, प्रत्येकापुढे हे कुठून कळलं ते टाका म्हणजे झालं.

तांबटआळीची_लेक: आत्याला हेही विचारा की कल्हईचं सामान कुठे गेलं. भाता नाहीतर सांडशी कोणाच्या तरी माळ्यावर असतेच.