सॅम्पलर पॅकमधल्या सिगारची तुलना कशी करावी?

एडिसनकर
पोस्टाने मागवलेला आठ सिगारचा पॅक शुक्रवारी आला. सगळे रोबुस्टो, म्हणजे साधारण ५ इंच लांब, ५० रिंगचे (रिंग हे जाडीचं माप, इंचाचा चौसष्टावा भाग). शनिवार-रविवारी तीन ओढून झाले. एकाचं वरचं पान पेटवतानाच तडकलं, दुसरा एकाच बाजूने जळत गेला, तिसरा निम्म्यावर येईस्तोवर कडूजहर. चव विचाराल तर तिन्हींची जळकं लाकूड. उरलेत पाच: माकानुडो कॅफे, पाद्रोन २००० नॅचरल, त्याचाच मडुरो (काळपट पानाचा), ओलिवा सेरी व्ही आणि एक कॅमेरून जातीच्या वरच्या पानाचा. न्यू जर्सीची थंडी, घरात हीटर, आर्द्रता ३० टक्के. हे पाच तरी वाया न घालवता तुलना कशी करू?

वखारवाला
पहिल्या दोन तक्रारी बहुतेक हवेच्या आहेत, सिगारच्या नव्हेत. गारठ्यातून आलेला सिगार लगेच कोरड्या, गरम खोलीत उघडला की वरचं पान आधी सुकून आकसतं, आतलं भरण तेवढंच जाड राहतं. मग पान तडकणारच. पाचही जण दोन आठवडे डब्यात पडू द्या.

लाकडी ह्युमिडॉरच्या (ओलावा राखणाऱ्या सिगारपेटीच्या) नादी लागू नका. तो आधी ८४ टक्के आर्द्रतेच्या पाकिटाने चौदा दिवस मुरवावा लागतो, पाच सिगारसाठी कोण करत बसतंय! झाकणाला रबर असलेला दीड लिटरचा डबा घ्या, धुऊन साबणाचा वास जाईपर्यंत उघडा ठेवा, आत बोव्हेडा कंपनीचं, आर्द्रता ६५ टक्क्यांवर राखणारं ६० ग्रॅमचं पाकीट टाका. सेलोफेन राहू द्या. त्यातून ओलावा ये-जा करतो, पण वास एकमेकांत कमी मिसळतात. सुगंधी सिगार असला तर त्याला वेगळा डबा.

आर्द्रतामापक तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ आणि थेंब थेंब पाणी. ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. हे झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत रात्रभर बंद. सकाळी आकडा ७५ हवा. ७१ दिसला तर मापक चार कमी दाखवतो, पुढे चार मिळवून वाचा.

धूरकरी
कडूपणा मात्र तुमच्या ओढण्याचा. मिनिटाला एक झुरका, त्याहून घाई नको. बोटांना चटका जाणवला की दोन मिनिटं राखदाणीत ठेवा. ओढ घट्ट असेल तर माणूस नकळत जोर लावतो आणि आच वाढते, म्हणून कापल्यावर न पेटवता एक कोरडा झुरका घेऊन बघा.

कापताना टोपीची (तोंडाकडच्या टोकावर चिकटवलेल्या पानाच्या तुकड्याची) कड जिथे अंगाला मिळते, त्या रेषेच्या वरच थांबा. दीड-दोन मिलिमीटर पुरे. रेषेखाली गेलात की पान उसवत जातं.

ज्योत टोकाला टेकवू नका. थोडी खाली धरून सिगार फिरवत कडा सगळीकडून काळवंडून लालसर होऊ द्या, मगच पहिला झुरका. हलकी फुंकर मारा, जिथे लाली नाही तिथे पुन्हा शेका. एका बाजूने जळण्याचं निम्मं कारण इथे असतं, उरलेलं असमान ओल. चालू सिगारची मागे पडलेली बाजू खाली वळवून ठेवली तर पुष्कळदा आपोआप सारखी होते.

तिसराहिस्सा
फरक पकडायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदला. तुमच्याकडे पाद्रोनची जोडी आहे, हे नशीबच: आकार एक, तंबाखू निकाराग्वाचा, वेगळेपण वरच्या पानात. मडुरोचं पान जास्त काळ, जास्त उष्णतेत आंबवतात, म्हणून काळपट आणि गोडसर. हे दोन लागोपाठच्या दिवशी ओढा.

क्रम: माकानुडो (कनेटिकट शेड, कापडाखाली वाढवलेलं पातळ फिकट पान), कॅमेरून, पाद्रोन नॅचरल, मडुरो, शेवटी ओलिवा. उलटा क्रम लावलात तर माकानुडो म्हणजे कोमट पाणी वाटेल. दिवसाला एकच, वेळ तीच, जेवण साधारण सारखं, सोबत फक्त पाणी. लसणाची चटणी खाऊन बसलात तर नोंदवही मिटून ठेवा.

पट्टीवरचं नाव जिभेला फसवतं. घरच्या कुणाकडून पट्टीवर कागद गुंडाळून आकडे घालून घ्या. (मडुरो रंगावरून कळतोच, इलाज नाही.) सिगारचे तीन हिस्से धरून प्रत्येकाची ओढ, जळण, राख, चव आणि कडकपणा लिहा. चव आणि कडकपणा एका रकान्यात घालू नका. डोकं गरगरलं तो निकोटिन, त्याचा चवीशी संबंध नाही. धूर छातीत घ्यायचा नसतोच, पण तोंडातला थोडासा नाकावाटे सोडा. मिरी, लाकूड, कोको यांतला भेद तिथेच उमटतो, जिभेला तो जमत नाही.

वखारवाला
एक जोड: एकेकच नग असलेल्या पॅकवरून कुणाला नापास करू नका. हाताने वळलेल्या मालात एखादा नग घट्ट निघतो. दुसरा ओढल्याशिवाय निकाल नाही.

ओलेपान
६५ वर माझा आक्षेप. कॅमेरूनचं पान नाजूक, त्याला ६९ द्या.

धूरकरी
६९ वर ओढ जड होते आणि सिगार सारखा विझतो. नवशिक्याला ६५ च.

एडिसनकर
आभार, डबा आणतो. कॅमेरूनवर पांढरे ठिपके आहेत. बुरशी की ते प्रसिद्ध ‘ब्लूम’, म्हणजे पानातलं तेल वर येऊन बसतं म्हणतात ते?

वखारवाला
बुरशीच धरा. केसाळ, गोल ठिपके असतील आणि फक्त वरच्या पानावर असतील तर कोरड्या कापडाने पुसा आणि तो आठवडाभर वेगळा ठेवा. पेटवायच्या टोकात, भरणावर दिसली तर सरळ फेकून द्या. टाचणीच्या डोक्याएवढं स्वच्छ गोल भोक दिसलं तर गोष्ट वेगळी, तो तंबाखूचा भुंगा. मग पाचही झिपच्या पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, एक दिवस फ्रिजमध्ये आणि त्यानंतरच डब्यात. फ्रीझरमधून थेट बाहेर काढलेत तर पुन्हा पान तडकेल.