रविवारी रात्री आठ जणांसाठी बीफ: पप्पांना चावेल आणि मुलांना आवडेल असं काय करू?

रूथ_वानवडी

नमस्कार मंडळी. दर रविवारी संध्याकाळची उपासना आटोपली की भाऊ-वहिनी पिंपरीहून येतात, धाकटी बहीण येते, आणि रात्री सगळे आमच्याकडेच जेवतात. आठ जण. त्यात पप्पांना कवळी आहे आणि दोन मुलं अशी की तिखट लागलं की ताट सरकवतात. चिकन करून करून कंटाळा आलाय, आणि बकऱ्याचं मटण दर आठवड्याला एवढ्या माणसांना परवडत नाही. बीफ सगळ्यांना आवडतं. लहानपणी आई करायची, पण आता तिचे गुडघे तिला ओट्यापाशी उभं राहू देत नाहीत, आणि विचारलं तर म्हणते, "शिजेपर्यंत शिजव."

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. दुकानात जाऊन नेमका कुठला भाग मागू? परदेशी रेसिपीत दोन तास लिहिलेलं असतं, तेवढ्यात आपल्याकडचं मांस चिवटच राहतं, ते का? आणि शनिवारी करून ठेवलं तर चालेल का? रविवारी दिवसभर माझे हात मोकळे नसतात. ओव्हन नाही. पाच लिटरचा कुकर आणि एक मोठं जाड बुडाचं पातेलं आहे.

क्वार्टरगेटची_मावशी

रूथ, तुझा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यातूनच निघतं.

आपल्याकडे मिळतं ते म्हशीचं नाहीतर रेड्याचं मांस. गाईची कत्तल महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यापासून बंद होती, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हशी-रेड्यांना परवानगी आहे, पण तीही जनावर दुधाच्या, कामाच्या, पैदाशीच्या उपयोगाचं उरलं नाही असा दाखला मिळाल्यावर. म्हणजे आपल्या पातेल्यात येतं ते बहुतेक वेळा वयस्क जनावर. त्याच्या मांसातले जोडधागे घट्ट झालेले असतात आणि आत चरबीही कमी असते. त्या परदेशी रेसिपी लिहिल्या आहेत दाणा खाऊन वाढलेल्या, दीड-दोन वर्षांच्या जनावरासाठी. त्यांचे दोन तास आपल्याला कसे पुरतील? आपल्याला उघड्या पातेल्यात तीन, कधी साडेतीन तासही लागतात. कुकरमध्ये उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून तिथे पाऊण तासात काम होतं.

आता भाग. बोंग माग. पायाच्या वरचा, मांडीखालचा तुकडा, नळीसकट. कापून बघ, मांसात पांढऱ्या शिरांचं जाळं दिसेल. लोक ते बघून नको म्हणतात आणि लालभडक, स्वच्छ तुकडा उचलतात. तसं करू नकोस. त्या पांढऱ्या शिराच सावकाश शिजल्यावर विरघळतात आणि रश्श्याला तो ओठांना चिकटणारा दाटपणा देतात. पप्पांना चमच्याने तुटेल असं मांस हवं असेल तर ते बोंगेतूनच मिळेल. मानेचा भाग मिळाला तर तोही उत्तम. सगळे मागतात ते अंडरकट, म्हणजे कण्याजवळचा मऊ तुकडा, रश्श्यात अजिबात घालू नकोस. त्यात वितळायला काही नसतंच, त्यामुळे जितकं शिजवशील तितकं कोरडं होत जाईल. अंडरकट पातळ कापून, मिरी आणि लसूण लावून, तापलेल्या तव्यावर पटकन परतायचं. तो वेगळ्या दिवसाचा बेत.

आठ जणांसाठी मी तुला दालचा सांगते. मी तो आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावर राहणाऱ्या खालाकडून शिकले. डाळ आणि दुधी असल्यामुळे थोड्या मांसात घर जेवतं, आणि तिखट कमी ठेवलं तरी पचपचीत लागत नाही, चिंच सांभाळून घेते.

दीड किलो बोंग, नळ्यांसकट. आदल्या रात्रीच मीठ, हळद, आलं-लसूण लावून फ्रीजमध्ये ठेव. मीठ आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि ते पोचलेलं मांस शिजल्यावर रसदार राहतं. चार मोठे कांदे उभे चिरून तेलात चांगले लालसर कर. घाई करू नकोस, या कांद्यावरच पुढची सगळी चव उभी आहे. दालचिनी, लवंग, वेलची, दोन तमालपत्रं. मग मांस घालून मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परत. धणेपूड, थोडंसं लाल तिखट, एक वाटी दही घोटून. मांस बुडेल एवढं गरम पाणी. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक आणि पंचेचाळीस मिनिटं. उघडून बघ, चमचा दाबल्यावर धागे सुटत नसतील तर आणखी पंधरा मिनिटं. दर वेळचं जनावर वेगळं असतं, तेव्हा घड्याळापेक्षा चमच्यावर विश्वास ठेव. तुझी आई म्हणते ते बरोबरच आहे.

तीन वाट्या डाळ वेगळी शिजवायची, दोन हरभऱ्याची आणि एक तुरीची. हरभऱ्याची तासभर भिजवून घे. अर्धवट घोट, थोडे दाणे दिसू देत. दुधी पाऊण किलो, मोठ्या फोडी. पातेल्यात मांस, रस्सा, डाळ, दुधी एकत्र करून दुधी शिजेपर्यंत उकळ. चिंचेचा कोळ सगळ्यात शेवटी, कारण आंबट लवकर पडलं की दुधी आणि डाळ दोन्ही निबर राहतात. वरून तुपात जिरं, सुक्या मिरच्या, कढीलिंब आणि ठेचलेला लसूण, झाकण लगेच लाव. मुलांसाठी वाढून घेतल्यावर फोडणी दिलीस तर त्यांच्या वाटणीत मिरची येणार नाही. सोबत बघारा भात, म्हणजे खडा मसाला, कांदा, पुदिन्याचा भात. कांद्याची कोशिंबीर. दुसरं काही लागत नाही.

पपईबद्दल कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहिते. कच्ची पपई कबाबाला, तव्यावरच्या तुकड्यांना. किलोला एक चमचा वाटण, तासभर. लांब शिजणाऱ्या रश्श्याला ती घालू नकोस, वरून मांसाचा लगदा होतो आणि आतला भाग तसाच राहतो.

शनिवारी करणं उत्तमच. फक्त डाळ-दुधी मिसळणं, चिंच आणि फोडणी रविवारी.

बाणेर_बागुल

मावशींनी बोंग सांगितली याचा फार आनंद झाला. मी काही वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला होतो, तिथेही गुलाशसाठी, म्हणजे तिकडच्या मांसाच्या दाट रश्श्यासाठी, खाटिक हाच भाग पुढे करायचा. रूथताई, एखाद्या रविवारी गुलाश करून बघा. मूळ पदार्थ हंगेरीतल्या गुराख्यांचा, पुढे व्हिएन्नात त्याला कांद्याचा भरणा मिळाला: जेवढं मांस जवळपास तेवढाच कांदा. दीड किलोला सव्वा किलो तरी घ्याच. कांदा अर्धा तास मंद आचेवर परतायचा, मग पातेलं गॅसवरून खाली उतरवून पाप्रिका, म्हणजे तिकडची गोडसर लाल मिरचीपूड, घालायची. त्या पुडीत साखर असते, आचेवर घातली तर क्षणात जळते आणि सगळं कडू होतं. पाप्रिकाऐवजी मी काश्मिरी मिरचीची पूड घेतो आणि दोन लाल ढोबळ्या मिरच्या गॅसवर भाजून, साल काढून वाटून घालतो. शहाजिरं घालायचं, जिरं नव्हे, आणि एक चमचा व्हिनेगर. मैदा, कॉर्नफ्लोर काही नाही, कांदाच विरघळून दाट होतो. पावासोबत खा, नाहीतर उकडलेल्या बटाट्यासोबत. मुलांना नक्की आवडेल, गोडसर लागतं.

ताडीवाला_रोड

वरचे दोन्ही पदार्थ छान आहेत. मी आमच्या घरचं लिहितो, कारण ते फारसं कुठे लिहिलेलं सापडत नाही.

माझी आजी चान्या करायची. मूळ गाव सोलापूरकडचं. मोठं जनावर आलं की सगळं मांस एका दिवसात संपायचं नाही आणि ठेवायला काही साधन नव्हतं. मग लांब पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची आणि दोरीवर कडक उन्हात वाळवायच्या. पावसाळ्यात, हाताला काम नसताना त्या उपयोगी पडायच्या. आमच्या वस्तीतल्या कित्येक घरांचं पोट या चान्यांनी भरलंय, आणि हे सांगताना मला अभिमान वाटतो. निखाऱ्यावर भाजून, कुटून, कच्च्या कांद्यासोबत भाकरीवर. नाहीतर गरम पाण्यात भिजवून, खोबरं-कांद्याचं भाजलेलं वाटण आणि येसूर (भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ) घालून रस्सा. त्या रश्श्यात ज्वारीची भाकरी कुस्करली की दुसऱ्या कालवणाची आठवण येत नाही.

रूथताई, तुमच्या पप्पांना चान्या चावणार नाहीत, पण ते वाटण ताज्या बोंगेलाही तसंच लागू होतं. सुकं खोबरं थेट आचेवर भाजायचं, कांदाही अख्खा, साल काळी होईपर्यंत. तीळ, धणे, थोडी खसखस. पाट्यावर जमलं तर पाट्यावर. मांस आधी मीठ-हळदीच्या पाण्यात पूर्ण शिजवायचं, त्या पाण्याला आळणी म्हणतात, आणि मुलांना वाटण घालण्याआधी ती आळणी भातावर द्यायची. आमच्याकडे लहान मुलांना पहिलं मटण असंच भरवतात. तिखटाचा प्रश्न तिथेच मिटतो.

रूथ_वानवडी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. आईला वाचून दाखवलं. आळणीचं ऐकल्यावर म्हणाली, आम्हाला पण तशीच द्यायची माझी आई, वर लिंबू पिळून.

या रविवारी दालचा नक्की, पुढच्या रविवारी भाजलेल्या वाटणाचा रस्सा, भावाला तो जास्त आवडेल. गुलाश बहिणीच्या वाढदिवसाला.

मावशी, दोन शंका आहेत. शनिवारी शिजवलेलं एवढं मोठं पातेलं गरमच फ्रीजमध्ये ठेवायचं का? आणि मी खरेदी कॅम्पात शिवाजी मार्केटला करते, तिथे नळ्या कशा कापून घेऊ?

क्वार्टरगेटची_मावशी

पातेलं तसंच ठेवू नकोस. एवढा मोठा ऐवज मध्यभागी रात्रभर कोमट राहतो आणि तिथेच खराब होतो. दोन-तीन पसरट भांड्यांत काढ, पंख्याखाली निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे. डाळ आणि दुधी त्यात शनिवारी मिसळू नकोस, नुसतं मांस आणि रस्सा ठेव. सकाळी तो थिजलेला दिसेल, वर चरबीचा पांढरा थर. थर चमच्याने उचलून टाक, म्हणजे पप्पांना रात्री जड होणार नाही. खालचा थिजलेला रस्सा मात्र थेंबभरही टाकू नकोस, नळ्यांचं सगळं सत्त्व त्यातच आहे. रविवारी खळखळून उकळी आणायची, नुसतं कोमट करून वाढायचं नाही. आणि जेवढं लागेल तेवढंच गरम कर, उरलेलं पुन्हा पुन्हा तापवू नकोस.

मार्केटला सकाळी लवकर जा, उशिरा गेलं तर बोंगेचे चांगले तुकडे उरत नाहीत. नळ्या आरीने कापून मिळाल्या तर बघ. सत्तूरने फोडल्या तर हाडाचे बारीक कण सुटतात, म्हणून घरी आणल्यावर वाहत्या पाण्याखाली प्रत्येक नळीच्या तोंडावरून बोट फिरव. आणि पप्पांच्या ताटासाठी थोडा रस्सा गाळणीतून काढून बाजूला ठेव, कवळीखाली एक कण गेला तरी फार त्रास होतो.