पुरात जनावरं हलवायला गावात पथक करतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी शिरोळ तालुक्यातला, पंचगंगा कृष्णेला मिळते त्या पट्ट्यातला. 2005, 2019, 2021... आमच्याकडे माणसं पोरांची वयंसुद्धा महापुरावरून सांगतात. यंदा तरुण मंडळानं ठरवलंय की गणपतीच्या वर्गणीतले थोडे पैसे बाजूला काढायचे आणि फक्त जनावरांसाठी एक पथक उभं करायचं. माणसांसाठी एनडीआरएफ येते, कोल्हापुरातनं व्हाईट आर्मी या स्वयंसेवी बचाव पथकाची पोरं येतात. जनावरांचं मात्र ज्याचं त्यानं बघायचं, आणि तिथंच सगळं अडतं.

2019 ला आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं बोट दारात आल्यावरसुद्धा पाय उचलला नाही. दोन म्हशी आणि एक रेडकू गोठ्यात होतं. शेवटी शेजारच्या स्लॅबच्या घराच्या जिन्यावरनं म्हशी वर चढवल्या. रेडकू काही केल्या पायरीवर पाय ठेवीना, मग दोघांनी उचलून नेलं. त्याच्यापुढं चार दिवसांची वैरण टाकलेली डोळ्यांनी बघितली तेव्हा म्हातारी बोटीत बसली. जनावर हललं की माणूस हलतोय, हे प्रशासनालाही कळलंय. आता नोटीस देताना जनावरंही हलवा म्हणून सांगतात. पण हलवून न्यायची कुठं? त्या वर्षी आम्हाला नेमून दिलेल्या केंद्रात माणसांची सोय चोख होती, जनावरांना गेटच्या आत घेईनात. निम्मे कर्ते पुरुष रात्रीतनं परत गावात.

तर प्रश्न असे. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, पण आमच्याकडं कृष्णेची फूग (मागं तुंबलेलं पाणी) चढली की त्याआधीच रस्ते तुटतात. मग आम्ही निघायचं कधी? पाणी गोठ्यात आल्यावर जनावर सोडून द्यावं की नाही, यावर मंडळात रोज भांडणं आहेत. आणि शंभर-दीडशे जनावरं एका जागी आणली तर त्यांना घालायचं काय? जुलै-ऑगस्टमध्ये कारखाने बंद, म्हणजे वाढं (उसाचे शेंडे) नाही, आणि हिरवा चारा सगळा पाण्याखाली.

ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. "जिल्हाधिकाऱ्यांना भेटा" एवढंच लिहू नका, भेटून झालंय.

प्रतिसाद : वाळव्याचा गोठेवाला

आधी दूध संस्थेत जा. कुणाच्या दारात दुभती किती, भाकड किती, गाभण किती हे संस्थेच्या सचिवाला तोंडपाठ असतं. त्यावरनं यादी करा. गाभण, आजारी आणि वासरं-रेडकं पहिल्या खेपेला, दुभती दुसऱ्या. टेंपो आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांशी बोली आत्ताच करून ठेवा, पूर आल्यावर भाडं विचारायचीसुद्धा सोय राहत नाही.

निघायचं कधी, याचं उत्तर रस्ता देतो. तुमच्या रस्त्यावरची सगळ्यात खोलगट जागा बघा. तिथं पाणी यायच्या आदल्या दिवशी शेवटचा टेंपो गेला पाहिजे. जुन्या माणसांना विचारा, बंधाऱ्यावर किती फूट असताना तिथं पाणी येतं ते बरोबर सांगतील.

जागेसाठी साखर कारखान्याला गाठा. तुम्हीच म्हणताय कारखाना बंद असतो. मग आवार मोकळं, जमीन पक्की, पाण्याची टाकी आहे, ट्रकला वळायला जागा आहे. शाळेच्या पटांगणात दोन दिवसांत गुडघाभर चिखल होतो.

प्रतिसाद : निवृत्त पशुधन अधिकारी

सोडायचं की नाही, यावर माझं मत स्पष्ट आहे. नेता येत असेल तर न्या. नेता येणार नसेल आणि गोठ्यात पाणी शिरणार असेल तर दावं सोडा. म्हैस चांगली पोहते, गाय-बैलसुद्धा बऱ्यापैकी पोहतात. बांधलेलं जनावर मात्र हमखास मरतं. सोडल्यावर हरवेल ही भीती खरी आहे, म्हणून कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर मालकानं मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा. बिल्ला नसेल तर आत्ता मारून घ्या.

पथकातल्या प्रत्येकाकडं धारदार विळा हवाच. भिजलेल्या नायलॉनच्या दोरीची गाठ हातानं सुटत नाही, त्यात जनावर ओढ घेत असतं. बोटीनं न्यायची वेळ आली तर रबरी बोटीत मोठं जनावर चढवू नका, शिंग किंवा खूर लागला की बोट गेली. कासरा धरून बोटीच्या बाजूनं पोहत न्या, इंजिनाच्या पंख्यापासून लांब. ओढायचं ते म्होरकीला (तोंडाभोवतीच्या दोरीला) धरून. वेसणीला हिसका बसला तर नाक फाटतं.

आता माझा जुना राग. शहरातनं भाविक लोक ट्रक भरभरून भाकऱ्या, चपात्या, भात आणतात आणि उपाशी जनावरापुढं ओततात. त्यानं पोटात आम्ल वाढतं, जनावर बसतं आणि दोन दिवसांत मरतं. पुरातनं वाचलेलं जनावर असं छावणीत गेलेलं मी बघितलंय. गेटवर एक खमका माणूस ठेवा, शिजवलेलं अन्न आत नाही म्हणजे नाही. काळा पडलेला, बुरशीचा कडबाही नाही.

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी झाली पाहिजे, टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. दहा गावची जनावरं एकत्र येणार म्हणजे लाळ-खुरकुताचाही डोस झालेला हवा. आजारी दिसलं की वेगळं बांधा आणि जनावरांच्या उपचाराच्या 1962 या हेल्पलाइनला फोन लावा. आणि धारा चुकवू नका. दूध ओतून द्यावं लागलं तरी काढा, नाहीतर कासदाह होतो आणि ते वेत वाया जातं.

प्रतिसाद : कागदवाली

मी महसुलात आहे म्हणून फक्त एवढंच. जनावर दगावलं तर मातीत पुरायच्या आधी तलाठी आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून पंचनामा करून घ्या, बिल्ला दिसेल असा फोटो काढा. 2022 मध्ये ठरलेल्या निकषांप्रमाणे दुभत्या गाई-म्हशीला 37,500, ओढकामाच्या बैलाला 32,000, वासराला 20,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये आहेत, तेही कुटुंबामागे ठरावीक संख्येपर्यंत. लाखाच्या मुऱ्हा म्हशीपुढं हे किती, ते मला सांगू नका, मीही शेतकऱ्याच्याच घरातली आहे. वाहून गेलेल्याचा पंचनामा फार त्रासाचा होतो, म्हणून गोठ्यातल्या सगळ्या जनावरांचे फोटो आधीच असू द्या.

प्रतिसाद : ह्यूस्टनकर

आमच्याकडे अमेरिकेत 2005 च्या कॅटरिना वादळात कुत्रं-मांजर सोडून यायला लोक तयार झाले नाहीत, मागे राहिले. त्यानंतर 2006 मध्ये कायदा झाला की स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार हवाच. तुमची म्हातारी आणि इथली माणसं अगदी एकाच मातीची. तुमच्या गावातल्या कुत्र्या-मांजरांचं काय ठरवलंय?

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. कुत्र्यांचं खरंच डोक्यात नव्हतं. साखळीला बांधलेलं कुत्रं सोडायचं, हे यादीत घातलं.

@निवृत्त पशुधन अधिकारी, विळ्याचं मंडळात वाचून दाखवलं, भांडण मिटलं. आता विळे कोण आणणार यावर सुरू आहे.

प्रतिसाद : निवृत्त पशुधन अधिकारी

कुत्री हाताळणाऱ्या पोरांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्यावी. मांजरासाठी भाजीचे दोन प्लॅस्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून बांधा, झाला पिंजरा. पायाला जखम असलेल्यानं पाण्यात उतरायचं नाही, लेप्टो (जनावरांच्या-उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातनं होणारा ताप) होतो. बाकीच्यांनी गमबूट.

चाऱ्याला मुरघास (कुट्टी करून, दाबून मुरवलेला हिरवा चारा) बघा. उन्हाळी मक्याचा भरून ठेवला तर हवाबंद बॅगेत महिनोन्‌महिने टिकतो, वरनं पाऊस पडला तरी फरक नाही. सवय नसलेल्या जनावराला पहिल्या दिवशी थोडाच द्या, चार-पाच दिवसांत वाढवा. फोडलेली बॅग मात्र लवकर संपवा.

धागाकर्ता

हे बेस. कारखान्याच्या संचालकांशी बोलणं झालं, आवार द्यायला तयार आहेत, लेखी पत्र तेवढं यायचंय. मोठी बॅग उचलायला आमच्याकडं यंत्र नाही, त्यामुळं पन्नास-साठ किलोच्या छोट्या बॅगा पाहिजेत. हातकणंगले, मिरज, वाळवा या बाजूला कुणी मक्याचा मुरघास भरून विकत असेल तर भाव आणि किती मिळेल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गाडी आमची, हमालीही आमचीच.