मदत हवी आहे : स्टोरेज मॉनिटरिंग टाकलंय, एक स्टोरेज दिसत नाही आणि लॉगिन पण होत नाही

वैतागलेला_गडी :
मंडळी लवकर सांगा, उद्या साहेबांना डॅशबोर्ड दाखवायचाय. स्टोरेजवर (डेटा साठवणाऱ्या डिस्कच्या पेट्यांवर) लक्ष ठेवायचं सॉफ्टवेअर टाकून झालं, नेटवर्क सेटिंग सगळं बरोबर भरलंय, पेज उघडतं, पण दोनपैकी एकच स्टोरेज येतं, दुसऱ्याशी संपर्कच होत नाही म्हणतं. पिंग होतंय, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली की ते उत्तर देतं. आणि डोमेनच्या (कंपनीच्या सामाईक) आयडीने कुणालाच लॉगिन होत नाही. पासवर्ड बरोबर आहे, दहा वेळा बघितलाय, तेवढं कृपा करून विचारू नका.

डिस्कवाली :
पिंग कुठून होतंय? सर्व्हरवर काय आहे? "सगळं बरोबर भरलंय" म्हणजे काय भरलंय ते लिही ना बाबा, आम्हाला काय तुझी स्क्रीन दिसतेय का.

जुनं_खोड :
फायरवॉल बंद करून बघा आधी. माझं नेहमी तिथंच अडकलेलं असतं.

पोर्टवाला :
काका बंद कशाला? एसएनएमपीला (स्टोरेजची हालहवाल विचारायला) यूडीपी १६१ पोर्ट उघडा, एपीआयला ४४३, ट्रॅप (स्टोरेज स्वतःहून पाठवतं ते इशारे) हवे असतील तर स्टोरेजकडून इकडे १६२. संपलं.

जुनं_खोड :
टेस्टिंगपुरतं म्हणतोय मी. तुम्ही पोर्ट मोजत बसा, तोवर आमचं चालू झालेलं असतं.

पोर्टवाला :
आणि ते टेस्टिंग पुढं वर्षभर चालतं.

रात्रपाळी :
हे सगळं काढून प्रोमिथियस आणि ग्राफाना ही दुसरी मॉनिटरिंगची सॉफ्टवेअर लावा, मी तेच केलं, डोक्याला ताप नाही.

बॅकअपप्रेमी :
रेड (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून डिस्क जोडायची पद्धत) ५ आहे की ६? डिस्क मोठ्या असतील तर ५ वर राहू नका, रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर परत उभा करणं) चालू असताना दुसरी डिस्क गेली की डेटा गेला.

वैतागलेला_गडी :
रेडचा इथं काय संबंध??
पिंग माझ्या लॅपटॉपवरून. सर्व्हर लिनक्स, सॉफ्टवेअर डॉकर कंपोझने, म्हणजे सर्व्हरमधल्या वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमधे) चालतं.

डिस्कवाली :
डॉकर आहे हे आत्ता सांगतोयस होय! न दिसणाऱ्या स्टोरेजचा आयपी १७२.१७ ने सुरू होतो का?

वैतागलेला_गडी :
हो!! तुम्हाला कसं कळलं?

डिस्कवाली :
कारण यात माझा अख्खा शनिवार गेलाय. डॉकर स्वतःच्या ब्रिजला (आतल्या नेटवर्कला) न विचारता १७२.१७.०.०/१६, म्हणजे १७२.१७ ने सुरू होणारे सगळे आयपी घेतो. मग सर्व्हरला वाटतं ते स्टोरेज आपल्याच पोटात आहे, पॅकेट गेटवेकडे जातच नाही. सर्व्हरवर 'आयपी राउट' कमांड मार, 'डॉकर०'ची ओळ दिसेल. डॉकरच्या सेटिंगच्या डेमन.जेसन फाइलमधे 'बिप'ला (ब्रिजच्या आयपीला) तुमच्याकडे कुठंच नसलेली रेंज दे आणि डॉकर रीस्टार्ट कर. कंपोझचे नेटवर्क बहुधा १७२.१८ पासून पुढं उचलतं, तिकडं पण काही असेल तर तेही बदल.

पोर्टवाला :
लॉगिनचं लॉगमधे काय येतंय?

वैतागलेला_गडी :
एरर ४९, डेटा ५२ई.

जुनं_खोड :
घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर फरक असला की डोमेन आत घेत नाही.

पोर्टवाला :
काका ते केर्बेरॉसला (डोमेनच्या तिकीटवाल्या लॉगिनला), इथं एलडॅपचा साधा बाइंड आहे, म्हणजे सरळ नाव-पासवर्ड पाठवून तपासणी. ५२ई म्हणजे डोमेन कंट्रोलरपर्यंत (आयडी तपासणाऱ्या सर्व्हरपर्यंत) पोचलं, पण नाव किंवा पासवर्ड चुकला. राग मानू नकोस, पासवर्डात $ आहे का? आणि तो कंपोझच्या फाइलमधेच लिहिलायस का?

वैतागलेला_गडी :
आहे. आणि हो.

पोर्टवाला :
कंपोझ $ च्या पुढची अक्षरं व्हेरिएबल समजून खातं. $$ असं डबल लिही. तुझा पासवर्ड बरोबरच होता, पोचला अर्धा. जमलं तर एलडॅपचा साधा पोर्ट ३८९ सोडून एन्क्रिप्टेड ६३६ वर जा, आणि तिथं आयपी नको, कंट्रोलरचं पूर्ण नाव टाक, सर्टिफिकेट नावावर असतं.

वैतागलेला_गडी :
स्टोरेज दिसलं!! डिस्कवालीताई, साष्टांग नमस्कार. $$ पण केलं, आता डेटा ७७५ येतंय.

पोर्टवाला :
अकाउंट लॉक झालं. ते सॉफ्टवेअर दोन दिवस चुकीच्या पासवर्डने दार ठोकत होतं ना. अकाउंट कुणाचं टाकलंयस?

वैतागलेला_गडी :
माझंच. तरीच मेल उघडत नाहीये सकाळपासून. हे फोनवरून लिहितोय.