नीतिसूत्रांतला ‘मूर्ख’ : दुसरा शब्द आहे का?

सदरकर
रविवारच्या अभ्यासवर्गात बायबलातल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातलं १०:२३ (अध्याय १०, वचन २३) घेतलं. भावार्थ असा, की मूर्खाला वाईट काम म्हणजे खेळ वाटतो आणि समजदाराला तसाच आनंद शहाणपणात मिळतो. बारावीतला एक पोरगा म्हणाला, ‘काका, मूर्खाले एवढी प्लॅनिंग जमते का?’ प्रश्न रास्त आहे. मराठीत मूर्ख म्हणजे अक्कल कमी. इथे तो शब्द बसतो का?

जुना हिस्लोपी
हिब्रूत इथे ‘केसील’ आहे. त्याला अक्कल असते, ऐकून घ्यायची तयारी नसते. १८:२ पाहा: समजून घेण्यात त्याला गोडी नाही, आपलंच मत पाजळण्यात आहे. ‘पढतमूर्ख’ जवळ येतो. दासबोधात दुसऱ्या दशकात समर्थांनी मूर्खाची लक्षणं वेगळी सांगितली आणि पढतमूर्खाची वेगळी. पण केसील शिकलेलाच असतो असं नाही.

वऱ्हाडी ठेचा
आपल्याकडे ‘मजा घेणे’ म्हणतात ते हेच न भाऊ! नागपुरात व्हरायटी चौकात एकानं लाल सिग्नल तोडला, सायकलवाला बुढा धडपडला. हा पुढे पानठेल्यावर गाडी लावून सांगते, ‘कसा दचकला बे!’ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईपर्यंत तेच तेच सांगते. सिग्नल तर घाईतही तुटते. सांगताना त्याच्या तोंडाले जी चव येते, वचन तिच्यावर बोट ठेवते.

शब्दवेडी
खरी गंमत १:२२ मध्ये आहे. एकाच वचनात तिघे: ‘पेती’ म्हणजे भोळा, त्याला आपलं भोळेपणच प्रिय, ‘लेत्स’, त्याला थट्टेची हौस, आणि केसील, त्याला ज्ञानाचा तिटकारा. तिघांचीही ओळख आवडीनिवडीवरून. लेत्ससाठी मराठी बायबलात ‘निंदक’ येतो, स्तोत्र १ मधली निंदकांची बैठक आठवा. मला तो फिका वाटतो. निंदा कडवटपणातूनही होते, याला तर हसायला पाहिजे असतं. सरळ ‘टवाळ’ म्हणावं. ‘टवाळा आवडे विनोद’ आहेच.

सदरकर
टवाळ झकास. पण मग हसणंच पाप, असं पोरं समजतील. आधीच वर्गात सगळे श्रद्धांजलीला आल्यासारखे बसतात.

जुना हिस्लोपी
उलट आहे! १०:२३ मधला खेळ म्हणजे ‘सहोक’. त्याच धातूचं रूप ८:३० मध्ये ज्ञानाच्या तोंडी येतं. तिथे ज्ञान स्त्रीरूपात बोलतं: सृष्टी घडत होती तेव्हा मी देवासमोर खेळत होते, आणि पुढच्याच वचनात, माणसांत मला आनंद वाटत होता. म्हणजे खेळ दोघांचाही. प्रेषित पौलही करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १३:६) प्रीतीचा आनंद काढून घेत नाही. अनीतीत नाही, सत्यात आहे, एवढंच सांगतो.

वऱ्हाडी ठेचा
मंग केसीलले ‘उलट्या काळजाचा’ म्हणा.

शब्दवेडी
तो क्रूर माणसाला. ‘नाठाळ’ कसा वाटतो? अक्कल आहे, पण ऐकत नाही.

जुना हिस्लोपी
बसतो. फक्त तुकोबांची काठी इथे चालायची नाही. १७:१० म्हणतं, समजदाराला एक शब्द जितका लागतो तितके केसीलला शंभर फटकेही लागत नाहीत.

सदरकर
ठरलं. वाचताना छापलेला ‘मूर्ख’च वाचू, समजावताना ‘नाठाळ’. सिग्नलवाला किस्सा येत्या रविवारी वापरतो, ठेचाभाऊंची हरकत नसेल तर.