चिनी बनावटीच्या ४५० सीसी ॲडव्हेंचर बाइकची डीलरशिप कोकणात परवडेल का?

कुडाळ_गॅरेज

नमस्कार मंडळी. कुडाळला हायवेलगत चालतं गॅरेज आहे, दोन रॅम्प आणि पुढे शोरूमपुरती जागा. एका आयातदाराने चिनी बनावटीच्या ४५० सीसी ट्विन (दोन) सिलिंडर ॲडव्हेंचर (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीच्या) गाडीची सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीची डीलरशिप देऊ केली आहे. सुटे भाग किट म्हणून येणार, जोडणी भारतात होणार. पहिल्या खेपेला ८ गाड्या आणि एक डेमो उचलायची अट आहे. खेप मे महिन्याच्या शेवटी येईल म्हणतात.

कागदावर गाडी भरलेली आहे. पुढे २१ इंची चाक, ट्यूबलेस स्पोक रिम, टीएफटी डिस्प्ले, क्रॅश गार्डसुद्धा कंपनीचेच. युरोप आणि ऑस्ट्रेलियात अशा गाड्या जोरात चालतात, इथेही चालतील, हा आयातदाराचा मुख्य मुद्दा आहे.

तो मुद्दा इथे कितपत लागू पडतो? करारात काय लिहून घ्यावं? आणि आपल्या पावसात, खाऱ्या हवेत आधी काय जाईल, कुठले पार्ट किती ठेवावेत? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

हिशोबी_माणूस

बाहेर या गाड्या का खपतात ते आधी बघा, मग इथलं गणित आपोआप उलगडेल.

प्रत्येक देशात लायसन्सची किंवा रस्त्याची एक कायदेशीर रेघ असते आणि चिनी कंपन्या नेमक्या त्या रेघेवर गाडी बसवतात. युरोपात ए-२ (मधल्या ताकदीच्या गाड्यांच्या) लायसन्सला ३५ किलोवॉटची मर्यादा आहे. बेनेली टीआरके ५०२ ची ताकद बरोबर तेवढीच, म्हणजे साधारण ४७ अश्वशक्ती. नाव इटलीचं, पण कंपनी २००५ पासून चीनच्या चिआनजिआंगची. २०२० आणि २०२१ मध्ये इटलीत स्कूटर सोडून सगळ्यात जास्त खपलेली मोटरसायकल हीच होती. ऑस्ट्रेलियात नवशिक्यांना ६६० सीसीपर्यंतची आणि वजनाच्या मानाने मर्यादित ताकदीची गाडी चालते, तिथे ४५० ट्विन सहज बसते. फिलिपाइन्समध्ये एक्सप्रेसवेवर जायला किमान ४०० सीसी लागतात, म्हणून तिथे ४०० च्या जरा वरच्या गाड्यांना मागणी. शिवाय या सगळ्या ठिकाणी शेजारच्या शोरूममधली जपानी किंवा युरोपियन ॲडव्हेंचर गाडी दीडपट-दुप्पट दराची असते. स्वस्त म्हणतात ते तिच्या तुलनेत.

आपल्याकडची रेघ ३५० सीसीची आहे आणि ही गाडी तिच्या चुकीच्या बाजूला पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के. त्यावर कस्टम. फेब्रुवारी २०२५ च्या बजेटनंतर १६०० सीसीच्या आतल्या तयार गाडीला ४० टक्के, अर्धवट जोडलेल्या किटला २० आणि पूर्ण सुट्या किटला १० टक्के मूळ ड्युटी आहे.

उदाहरणादाखल हिशोब मांडतो. समजा न्हावाशेवा बंदरात पोचलेलं पूर्ण सुटं किट १,९०,००० ला पडलं. १० टक्के ड्युटी १९,०००. क्लिअरिंग, वाहतूक आणि जोडणीचे २१,००० धरा, झाले २,३०,०००. आयातदार आणि डीलर मिळून ४५,००० चं मार्जिन, म्हणजे २,७५,०००. आयातीच्या वेळी भरलेला आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) पुढे वळता होतो, तो यात धरलेला नाही. यावर ४० टक्के जीएसटी १,१०,०००. एक्स-शोरूम ३,८५,०००. हीच गाडी ३४८ सीसीची असती तर ३,२४,५०० ला बसली असती. ६०,५०० चा फरक नुसत्या कराचा आहे.

समोर रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आहे. तिलाही ४० टक्के जीएसटी लागतो, पण ती चेन्नईजवळ बनते, कस्टमचा संबंध नाही आणि दर तीन लाखांच्या थोडाच वर. तुमची गाडी युरोपात बजेट असेल, कुडाळात ती महागडी गाडी आहे. आधीही हेच झालंय. २०१९ मध्ये सीएफमोटो ६५० एमटी ४.९९ लाखांना आणि टीआरके ५०२ पाच लाखांना इथे आली, तेव्हा ४११ सीसीची हिमालयन दोन लाखांच्या आत मिळत होती.

म्हणून गिऱ्हाइकाला 'स्वस्त' सांगू नका. ट्विन इंजिन, हायवेवर कमी थरथर, गार्डसकट तयार गाडी, हे सांगा. आणि आयातदाराकडे त्याच घराण्यातली ३५० सीसीच्या आतली गाडी आहे का ते विचारा. असेल तर या जिल्ह्यांत खप तिचाच होईल.

कागद_आधी

वरचा हिशोब पटला. कराराबद्दल माझं म्हणणं असं.

एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ नुसार भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची आगाऊ मंजुरी लागते. त्यामुळे चिनी कंपनी स्वतः इथे उतरण्यापेक्षा भारतीय आयातदारामार्फतच येते. याचा डीलरसाठी अर्थ फार गंभीर आहे. आयातदार आणि कंपनीचं बिनसलं की वॉरंटी, पार्ट, सॉफ्टवेअर तिन्ही एकाच दिवशी बंद होतात आणि गिऱ्हाईक तुमच्या दारात उभं राहतं. कंपनीचं शोरूम असं दुसरं कुठे नसतंच.

म्हणून सही करण्याआधी टाइप अप्रूव्हल सर्टिफिकेटची (मॉडेल इथल्या नियमांत बसल्याच्या दाखल्याची) प्रत मागा आणि त्यातलं मॉडेल व व्हेरिएंट 'वाहन' या सरकारी नोंदणी पोर्टलवर दिसतंय का ते तपासा. तिथे मॉडेल चढलेलं नसेल तर एमएच-०७ काय नि एमएच-०८ काय, कुठेच पासिंग होणार नाही आणि गाडी विकूनही शोरूममध्येच उभी राहील. प्रत्येक गाडीसोबत फॉर्म २२ (गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला) आलाच पाहिजे, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) तुम्ही द्यायचा. ट्रेड सर्टिफिकेट (नोंदणी न झालेली गाडी रस्त्यावर काढायचा डीलरचा परवाना) हातात येईपर्यंत डेमो रस्त्यावर काढू नका.

करारात पुढचे मुद्दे शब्दशः हवेत. करार कुणीही मोडला तरी न वापरलेले पार्ट आणि न विकलेल्या गाड्या आयातदाराने खरेदी दराने ९० दिवसांत परत घ्यायच्या. पार्ट नसल्यामुळे गाडी उभी असेल तर १० दिवसांत पार्ट पोचवायचा, विमानाने आणावा लागला तर तो खर्च त्यांचा. समुद्रमार्गे चीनहून न्हावाशेवाला यायला तीन-चार आठवडे, पुढे क्लिअरिंग, असा सव्वा-दीड महिना सहज जातो आणि तेवढा वेळ कुठलंही गिऱ्हाईक थांबत नाही. वॉरंटीच्या कामाची मजुरी तासाच्या दराने ठरवून घ्या, क्लेम ३० दिवसांत निकाली. निदानाचं टूल, वायरिंग डायग्राम आणि पार्ट नंबरसकट कॅटलॉग पहिल्या गाडीबरोबरच.

पार्ट नेहमी चासी नंबर देऊन मागवा. चिनी कारखाने वर्षाच्या मध्येच पुरवठादार बदलतात. मॉडेल तेच, रंग तोच, पण स्विचचा कनेक्टर चार पिनांचा होता तो सहाचा होतो. नुसतं मॉडेलचं नाव सांगून मागवलेला पार्ट बसत नाही आणि परतही जात नाही.

टायरचंही विचारा. जून २०२० पासून मोटरसायकलच्या नव्या टायरांची आयात परवान्याखाली आहे. ९०/९०-२१, ११०/८०-१९, १५०/७०-१७ ही मापं भारतीय बाजारात मिळतात. मागचं चाक १८ इंची असेल तर त्या रुंदीचा ट्यूबलेस टायर इथे कोण पुरवणार, ते आयातदाराकडून लेखी घ्या.

जांभा_आणि_ग्रीस

आता गाडीबद्दल. इथले लोक इंजिनाची ताकद नंतर विचारतात, पहिला प्रश्न असतो, "गाडी बरी आसा, पण पार्ट खंय गावतले?" प्रश्न अगदी बरोबर आहे.

इंजिनाची फार काळजी करू नका. चीनचे मोठे कारखाने इंजिन चांगलं करतात. बीएमडब्ल्यूची एफ ८५० जीएसची इंजिनं लोन्सिनकडे तयार व्हायची, केटीएमची ७९० ॲडव्हेंचर सीएफमोटोकडे जोडली जाते. किंमत कमी ठेवण्यासाठी काटकसर होते ती न दिसणाऱ्या जागी: ग्रीस, बोल्टचा मुलामा, कनेक्टरचं रबर, बेअरिंगचं सील. आपली खारी हवा नेमकी त्याच जागा शोधते.

गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी मागच्या सस्पेंशनच्या लिंकेजचा (जोडदांड्यांचा) बोल्ट काढून आतल्या बेअरिंगच्या सुया बघा. बहुतेक वेळा त्यांच्यावर पातळ पिवळट थर असतो, बोट फिरवलं तर जेमतेम डाग पडतो. ते गंजरोधक तेल आहे, ग्रीस नव्हे. तशीच गाडी दिली तर पहिल्या पावसाळ्यानंतर बोल्ट आतल्या स्लीव्हला धरतो, मग प्रेस लावूनच निघतो आणि बेअरिंग सेट वाया. सुया पुसून वॉटरप्रूफ ग्रीस पूर्ण दाबून भरा. स्टिअरिंगची बेअरिंगं, स्विंगआर्मचा पिव्होट, साइड स्टँडचा बोल्ट, दोन्ही एक्सल, सगळीकडे हेच. एका गाडीला चार-पाच तास लागतात. ते मजुरीत धरा, पण वगळू नका.

दुसरं वायरिंग. हेडलाइटच्या मागचे, सीटखालचे आणि रेडिएटरजवळचे कनेक्टर उघडून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा. पिनेवर हिरवी पूड दिसली की तांबं खाल्लं जाऊ लागलंय. मग एबीएसचा दिवा लागतो, गाडी मध्येच बंद पडते आणि लोक ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) दोष देतात. सगळ्यात आधी जातो तो साइड स्टँडचा स्विच, कारण पुढच्या चाकाचा चिखल थेट त्याच्यावर उडतो. गिअर टाकताच इंजिन बंद पडत असेल तर तो आधी तपासा.

बाहेरचे छोटे स्क्रू स्टेनलेसचे घालाल तर अँटी-सीझ (आटे धरू न देणारी पेस्ट) लावूनच घाला. ॲल्युमिनियममध्ये कोरडा स्टेनलेस स्क्रू आणि खारा ओलावा म्हणजे दोन वर्षांत स्क्रू मोडणार. स्पोकच्या निपलचंही तेच. दर सर्व्हिसला प्रत्येक स्पोकवर पान्याने टिचकी मारा. सगळ्यांचा आवाज सारखा खणखणीत हवा, भद्द आवाजाचा स्पोक ढिला आहे.

जांभ्याचा लाल चिखल वाळला की पॉलिश पेपरसारखा घासतो. ऑरगॅनिक ब्रेक पॅड त्यात लवकर संपतात, सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) घाला. कॅलिपरच्या पिना मे आणि ऑक्टोबरमध्ये काढून साफ करा, सिलिकॉन ग्रीस लावा. आंबोली किंवा करूळ घाट उतरताना अडकलेला कॅलिपर तापतो आणि लिव्हर मऊ पडते. हाच चिखल रेडिएटरच्या पात्यांत बसतो. तो मागच्या बाजूने साध्या नळाने धुवा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात आणि पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत जातं.

पेट्रोल आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) आहे. होज आणि पंपाचं रबर त्याला चालतं, हे लेखी घ्या. पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर उभ्या गाडीत इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं आणि पंपाच्या जाळीपासून गंज धरतो. उभी गाडी टाकी भरूनच ठेवा, डेमोसुद्धा.

८-१० गाड्यांसाठी शेल्फवर क्लच आणि ब्रेक लिव्हर प्रत्येकी ६, गिअर लिव्हर ४, इंडिकेटर ८, आरसे ४ जोड्या, हँडलबार २, साइड स्टँड स्विच ४, पुढच्या-मागच्या चाकाचे सेन्सर प्रत्येकी २, पेट्रोल पंप १, रेग्युलेटर-रेक्टिफायर २, क्लच प्लेट सेट २, रेडिएटर १ आणि त्याचा पंखा १, पुढची रिम १, दोन्ही चाकांचे स्पोक प्रत्येकी १०. ऑइल फिल्टर २५, एअर फिल्टर १२, ब्रेक पॅड पुढचे १० आणि मागचे ६ सेट. चेन ५२० च्या मापाची असेल तर इथे चांगल्या कंपनीची ओ-रिंग चेन मिळते, स्प्रॉकेट मात्र मागवून ठेवा. चाकाची बेअरिंगं कंपनीकडून घ्यायची गरज नाही, वरचा नंबर वाचून त्याच नंबरची दोन्हीकडून रबर सील असलेली बाजारातून घ्या. ऑइल सीलचं माप सीलवरच छापलेलं असतं. सगळं मिळून अडीच-तीन लाख अडकतात. डीलरशिपच्या डिपॉझिटइतकीच ही रक्कम आधी बाजूला काढा.

कुडाळ_गॅरेज

खूप आभार, तिघांचेही. आयातदाराला ३५० च्या आतल्या गाडीचं विचारतो. दोन शंका राहिल्या. गोव्यातल्या भाड्याने गाड्या देणाऱ्यांना ४-५ गाड्या एकदम द्याव्यात का? आणि मेअखेरची खेप घ्यावी का?

जांभा_आणि_ग्रीस

भाड्याची गाडी उभ्या उभ्या पडते. लिव्हर, इंडिकेटर, आरसे, गार्ड यांचा खप दुप्पट धरा आणि वॉरंटीत क्लच येत नाही हे बिलावर लिहून द्या. त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली की रोजचं भाडं बुडतं, त्यामुळे शेल्फ भरल्याशिवाय त्यांना हो म्हणू नका.

हिशोबी_माणूस

मेअखेरची खेप घेऊ नका. जून ते ऑगस्ट इथे नवी मोठी गाडी कुणी घेत नाही, आणि उभ्या ८ गाड्यांवर व्याज आणि गंज दोन्ही चढतात. मेमध्ये फक्त डेमो घ्या आणि पावसाळाभर तीच चालवा, आंबोलीत, हायवेवर, आडवाटांवर. काय काय गेलं त्याची किलोमीटरसकट नोंद ठेवा आणि वरची पार्टची यादी त्याप्रमाणे बदला. गाड्यांची खेप ऑगस्टच्या शेवटी, ८ ऐवजी ४, म्हणजे चाकरमानी गणपतीला गावी येतील तेव्हा गाडी बघतील आणि दसरा-दिवाळीला बुकिंग होईल. आयातदार ४ वर तयार नसेल तर उरलेल्या ४ गाड्या त्याच्या गोदामात, त्याच्या व्याजावर राहतील असं करारात घाला.