गिनीपिग: दुकानातून घ्यायचं की कुणाला नको झालेलं आणायचं? अनुभव सांगा

परीक्षा संपल्यापासून लेकीने डोकं खाल्लंय, गिनीपिग पाहिजे म्हणून. सांगलीत एका दुकानात जोडी बघून पण आलो. आमचे हे म्हणतात विकत कशाला, लोक हौसेनं आणतात नि मग नको होतं, तसलं एखादं आणू. ज्यांनी पाळलंय त्यांनी सांगा, चांगलं वाईट दोन्ही. "सशासारखंच असतं, काही करावं लागत नाही" हे सांगू नका, ते दुकानदाराने सांगून झालंय.

साताऱ्याहून, शाहूपुरी
आम्ही विकतच घेतली. दोन्ही माद्या आहेत, बिनधास्त ठेवा म्हणाला. महिनाभरात एक फुगायला लागली, आम्हाला वाटलं कोथिंबीर मानवली. चाळीसाव्या दिवशी सकाळी बघतो तर पिंजऱ्यात दोनाचे पाच! आणि पिल्लं म्हणजे उंदरासारखी लालबुंद नाहीत हो, डोळे उघडे, अंगावर केस, दात सुद्धा, दुपारपर्यंत आईच्या मागं पळत होती. सासूबाई म्हणाल्या ही आली कुठनं? यांचे दिवस भरायला दोन महिने तरी लागतात, म्हणजे दुकानातनंच गाभण आली होती. त्यात दुसरी "मादी" नर निघाला. बाळंत झाल्यावर काही तासांत परत गाभण राहू शकते हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पळत घरी येऊन त्याला वेगळा केला, पण उशीर झाला होता. दुसऱ्या खेपेला चार. तर मी विकत घेणारी होते ती आता वाटणारी झाले, आणि खरं सांगू का, घेणाऱ्याला चार प्रश्न विचारल्याशिवाय देत नाही.

सांगली, विश्रामबाग
आमचा पाहुणा होस्टेलच्या पोराकडनं आला. लास्ट इयर संपलं, घरी न्यायची सोय नाही, घेता का काका म्हणाला. पिंजरा, बाटली, सगळं फुकट. त्याला काय आवडतं, रात्री किती वाजता ओरडतो, सगळी माहिती पोराने दिली, दुकानात हे कोण सांगतं? पण तीन वर्षांचा होता आणि चालताना मागचा पाय ओढायचा, पोराला वाटायचं आळशी आहे. डॉक्टर म्हणाले व्हिटॅमिन सी कमी पडलंय. माणसासारखंच यांच्या अंगात ते तयार होत नाही, रोज खाण्यातूनच जायला लागतं आणि पोरगं घालत होतं सशाचं खाद्य. मग रोज ढोबळी मिरचीचे तुकडे, कधी पेरूची फोड, वर डॉक्टरांचा डोस. पंधरा दिवसांत पठ्ठ्या सरळ चालायला लागला. फुकट आणला आणि पहिल्याच महिन्यात दवाखान्यावर दुकानातल्या जोडीपेक्षा जास्त गेले, पण तक्रार नाही.

मिरज
एकटं आणू नका, एवढंच सांगते. आमचं दुकानातलं एकुलतं एक कोपऱ्यात बसून असायचं. एका ताईंकडची मादी आणून जोड दिली (दोन्ही माद्याच, नीट तपासून!) तर आता फ्रीज उघडला की दोघी वीक वीक करून घर डोक्यावर घेतात.

सांगलीवाडी
लिहू का नको करत होतो. आमचं मे महिन्यात गेलं. वर पत्रा, बाहेर चाळीसच्या वर, आणि आम्ही लग्नाला. पाणी भरून ठेवलेलं होतं. यांना अठ्ठावीस तीसच्या पुढंच त्रास सुरू होतो हे नंतर कळलं. ते विकतचं होतं का दिलेलं याने काही फरक पडला नसता. तुमच्या घरात दुपारी सगळ्यात गार खोली कुठली ते आधी बघा.

कराड
आमच्याकडं गोठा आहे म्हणून लसूणघास घालत होतो, जनावरं दूध देतात मग याला पण चांगलाच की. तर मोठ्या गिनीपिगला त्यात कॅल्शियम फार होतं, खडे होऊ शकतात. वाळलेलं साधं गवत चोवीस तास पुढ्यात पाहिजे, दात वाढतच राहतात, ते चावूनच झिजतात. कुसळाचं नको, तोंडात टोचतं. आणि अजून एक, आजारी पडलं तर घरातलं माणसाचं अँटिबायोटिक देऊ नका, पेनिसिलिनच्या जातीचं तोंडातनं गेलं तर मरू शकतं.

धागा काढणारी
बापरे. दुकानातली ती जोडी परत बघून आले, नर का मादी विचारलं तर "मॅडम, लहान आहेत, कळत नाही" म्हणाला. परवा दोन्ही माद्या म्हणाला होता. शाहूपुरीवाल्या ताई, तुमच्याकडं आहेत का अजून?

शाहूपुरी
दोन नर आहेत, भाऊ भाऊ, कधी वेगळे राहिले नाहीत. दोघं मिळूनच देणार. पाच ते आठ वर्षं जगतात, म्हणजे लेक बारावीला जाईल तेव्हा पण असतील, तेव्हा खाणंपिणं कोण बघणार? तिला विचारू नका, तुम्ही सांगा.

धागा काढणारी
मीच बघणार, अजून कोण. रविवारी लेकीला घेऊन येते. पिंजरा केवढा लागेल आणि साताऱ्यात गवताची पेंढी कुठं मिळते तेवढं सांगून ठेवा.